लांब मिशांचा पाहुणा

चादर वाळली होती. कठड्यावरून ती ओढताना बोटांना काहीतरी टणक लागलं आणि मला वाटलं, चिमटा असेल. चिमटा चालायला लागला. काळा कुळकुळीत, पाठीवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके, आणि डोक्यावर त्या दोन मिशा, अंगापेक्षा लांब, काळ्या-पांढऱ्या पेरापेरांच्या. मिशा आधी उजवीकडे गेल्या, मग डावीकडे, मग माझ्या अंगठ्यावर टेकल्या. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी दिवसभर ह्यालाच शोधते, ह्याच्यासाठीच मला पगार मिळतो. पण दिवसभर मान वर करून जो सापडला नव्हता, तो संध्याकाळी घरी, वाळत घातलेल्या चादरीवर आरामात बसलेला बघून मला भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही, फक्त दमल्यासारखं वाटलं. म्हणजे दमलेली मी होतेच, त्यावर आणखी एक थर. आता घरीसुद्धा, असं काहीतरी मनात आलं. हाताने मात्र मनाला विचारलं नाही. डाव्या तळव्याची वाटी झाली, उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याला पाठीमागून धरलं, जिथून त्याला चावता येत नाही तिथे, आणि तो कुरकुरायला लागला. ह्या जातीचा भुंगेरा धरला की मान वरखाली घासून आवाज काढतो, तेल नसलेल्या बिजागरीसारखा, फार बारीक. तो आवाज मी कित्येकदा ऐकला होता, पण नेहमी रस्त्यावर, ट्रकच्या घरघरीत. घरात तो केवढा तरी मोठा वाटला. आतून आईंनी विचारलं, "काय गं वाजतंय?" मी म्हटलं, "काही नाही, कठडा हलतोय."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघे गेल्यापासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, आणि घरात काय वाजतं, काय शिजतं, काय सांडतं हे त्यांना तिथूनच कळतं. मी गच्चीतल्या रिकाम्या बरण्यांपैकी एक घेतली, त्यात त्याला सोडलं, झाकण लावलं. तो काचेवर चढला, घसरला, पुन्हा चढला. ह्यांना घाई नसते. हा किडा उडू शकतो, पण उडत नाही. ज्या झाडात जन्मला त्याच झाडावर राहतो, तिथेच सालीत खड्डे कुरतडून अंडी घालतो, आणि झाड पुरतं संपल्याशिवाय सहसा हलत नाही. हे मी किती लोकांना किती वेळा सांगितलंय. सांगताना एक हात नकळत वर जातो, फांदीच्या दिशेने, आणि लोक फांदीकडे न बघता माझ्या हाताकडे बघतात. बरणी हातात धरून मीही तशीच उभी होते, आणि जिथे बघायला हवं होतं तिथे बघत नव्हते. झाड समोरच होतं. कठड्यापासून हाताच्या अंतरावर. तळव्याएवढ्या पानांचं, मऊ पांढऱ्या लाकडाचं, सगळ्या गल्लीत एकाच माणसाने एकाच दिवशी लावावीत तशी जी ओळ आहे तिच्यातलं एक.

माझं काम झाडांकडे बघण्याचं. ऐकायला सुखाचं वाटतं, नवराही सुरुवातीला सगळ्यांना चिडवून सांगायचा की माझी बायको झाडांकडे बघते आणि तिला त्याचे पैसे देतात. पण झाडाकडे बघणं म्हणजे मान मागे टाकून एकेक फांदी पुसून काढल्यासारखी नजर फिरवणं, दुर्बिणीने, मग दुसऱ्या बाजूने, मग शंका आली तर खारूताईला वर चढवणं. खारूताई हा आमचा झाडावर चढणारा माणूस, मिशा पिकलेला, पोट सुटलेला, आणि तरी दोरावरून असा सरसर वर जातो की बघणारा तोंडात बोट घालतो. त्याचं खरं नाव मस्टरवर असेल. तो वर गेला की भोक शोधतो. भोक गोल असतं, अगदी गोल, ड्रिलने पाडल्यासारखं, आणि त्याची परीक्षा आम्ही पेन्सिलीने करतो. खिळ्याचं भोक असेल, पक्ष्याने टोचलेलं असेल, कुजून पडलेलं असेल, तर पेन्सिल आत जात नाही किंवा जाऊन लगेच अडते. ह्या भुंगेऱ्याच्या भोकात ती सरळ, गुळगुळीत, अर्धीअधिक आत जाते. पेन्सिल आत गेली की बोलणं संपतं. मग त्या झाडाच्या आजूबाजूची, ठरलेल्या टप्प्यातली त्या जातीची सगळी झाडं जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तो आमच्याकडे नियमच आहे, कारण अळी आत खोडात असते आणि कुठल्या खोडात आहे हे बाहेरून देवालाही दिसत नाही. झाडं कापायची, जागेवरच भुगा करायचा, खुंटही जमिनीखाली खरवडून काढायचा. लाकडाचा कपटाही गल्लीबाहेर न्यायचा नाही. एका बाईंनी आठवण म्हणून फांदीचा तुकडा मागितला होता, पेपरवेटएवढा, आणि मी नाही म्हटलं होतं. त्या रात्रभर भांडतील अशा तयारीने आल्या होत्या. मी नुसतं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेन्सिल माझ्या शर्टाच्या खिशात होती. ती नेहमी असते, धुवायला टाकतानाही राहून जाते. कठड्यावरून वाकलं की त्या झाडाची एक जाड फांदी हाताला लागते, आणि त्या फांदीत एक लोखंडी हूक आहे. माझ्या नवऱ्याने लहानपणी झोक्यासाठी ठोकलेला. झोका कधीच गेला, हूक सालीने निम्मा गिळला. त्याच्या शेजारी एक भोक आहे. पहिला खिळा वाकडा गेला, तो उपटला, त्याचं ते भोक, अशी त्या भोकाची गोष्ट मला आईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, आणि पुढे नवऱ्यानेही सांगितली होती, प्रत्येक वेळी खिळा थोडा मोठा होत गेला होता. मी रोज त्या भोकासमोर कपडे वाळत घालते. ते मला दिसतं आणि दिसत नाही. मी पेन्सिल त्यावर टेकवली आणि मला आठवलं की झाड जखम भरून काढतं. पोरसवदा हाताने पाडलेलं भोक आज इतक्या वर्षांनी उघडं कसं राहील? दुसऱ्या कुणाच्या दारात मी हा प्रश्न दरडावून विचारला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे शाळेत वाक्यात उपयोग करून लिहायला सांगायचे, तेव्हा मला कधी नीट वाक्य सुचलं नाही. पेन्सिल सरळ आत गेली. गुळगुळीत गेली. रबराचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

मी ती बाहेर काढली, पुसली, खिशात ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन बरणी फ्रीजरमध्ये ठेवली, वाटाण्यांच्या पिशवीमागे. थंडीत ते झोपतात आणि मग मरतात, त्यांना काही कळत नाही, असं आमच्याकडे नव्या लोकांना शिकवतात. फ्रीजचं दार लागल्याचा आवाज आईंनी ऐकलाच. "काय ठेवलंस?" "बर्फ." "बर्फ ठेवतात का, बर्फ होतो," त्या म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं की त्यांना सगळं माहीत आहे. पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना ऊन सोसत नाही, डोळ्यांतून घळघळा पाणी येतं, म्हणून घरात इतर कुठल्याच खिडकीशी त्या बसत नाहीत. ह्या एका खिडकीत झाडाची सावली असते, हिरवी, हलती, दिवसभर. झाड गेलं तर त्या कुठे बसतील, हा विचार मी तिथे ओट्याशी उभी राहून केला. पण खरं सांगायचं तर तो पहिला विचार नव्हता. पहिला विचार रविवारच्या फोनचा होता.

दर रविवारी माझ्या नणंदेचा फोन येतो. ती दुसऱ्या शहरात असते, तिचं घर मोठं आहे, लिफ्ट आहे, नवरा समजूतदार आहे, आणि ती आईला बोलावते. मनापासून बोलावते, त्यात खोट काढायला जागा नाही. मुलगा गेला, मुलाची बायको दिवसभर बाहेर, म्हातारी एकटी खुर्चीत, हे कुठल्या मुलीला बघवेल? आणि दर रविवारी आई तेच उत्तर देतात. "अगं, येते कुठे, माझं झाड आहे इथे." कधी म्हणतात, झाडाला पालवी फुटतेय, ती बघून येते. कधी म्हणतात, पानं गळायची वेळ आली, पानं गळली की येते. पानं गळतात आणि त्या काही जात नाहीत. नणंद हसते, मग रुसते, मग म्हणते, तुला माझ्यापेक्षा झाड जवळचं. मी पोळपाटाशी नाहीतर भांड्यांशी असते आणि हे ऐकते, आणि दर रविवारी फोन ठेवल्याचा आवाज आल्यावर माझा खांदा थोडा खाली येतो. त्या गेल्या तर हे घर माझं एकटीचं होईल. किल्ली फिरवून आत यायचं आणि कुणी विचारणार नाही, काय गं वाजतंय. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं होतं की मी माहेरी जाईन, निदान वेगळी राहीन. सासू-सून आणि मधला माणूस नाही, हे कसं टिकायचं? पण ते टिकलं, कसं ते आम्हाला दोघींनाही माहीत नाही. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. आम्ही फारसं बोलतच नाही. त्या झाडाचं सांगतात, मी हो हो म्हणते. माझ्या कामाचं मी सांगत नाही. सुरुवातीला त्या घरात सापडेल तो किडा मला दाखवायच्या, झुरळ, पाकोळी, तांदळातला सोंडा, "हा तुझ्या खात्यातला का गं?" म्हणून, आणि त्यात त्यांना फार मौज वाटायची. एकदा असाच लांबलेला दिवस होता, एका गल्लीतल्या सगळ्या लोकांच्या शिव्या खाऊन आले होते, आणि मी चिडून म्हटलं की आई, दिवसभर तेच असतं, उंबऱ्याच्या आत किड्याचं नाव काढू नका. त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. त्या तशा शब्दाच्या पक्क्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका घड्याळवाल्याच्या दारात होतो. त्याचं दुकान झाडाखाली, म्हणजे अक्षरशः बुंध्याला टेकलेलं, आणि बुंध्यावर खारूताईने सकाळीच लाल रंगाचा पट्टा ओढलेला. घड्याळवाला एका डोळ्याला भिंग लावलेला तसाच बाहेर आला. आरडाओरडा करणारे लोक मला परवडतात. हा हळू बोलणारा होता. तो म्हणाला, दुपारी ह्या झाडामुळे माझ्या टेबलावर ऊन येत नाही, ऊन आलं की बारीक काम दिसत नाही. मग म्हणाला, "बाई, एक विचारतो. तुमच्या दारातलं असतं तर?" हा प्रश्न प्रत्येक गल्लीत कुणीतरी विचारतंच. ह्याचं उत्तर माझं ठरलेलं आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला, इतकं ठरलेलं की ते देताना मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करू शकते. त्या दिवशी तोंड उघडलं आणि उत्तर आलं नाही. मी त्याच्या भिंगाकडे बघत राहिले. त्यात मी असेन, उलटी, बारीक. शेवटी खारूताई दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाईंच्या दारातलं असतं तरी बाईंनी हेच केलं असतं." माझंच वाक्य, माझ्याच चालीत. घड्याळवाल्याने मान हलवली आणि आत जाऊन बसला. त्याचं समाधान झालं होतं, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुपारी डबा खाताना खारूताईने विचारलं, मान दुखतेय का. मी हो म्हटलं. तो म्हणाला, माझ्या बायकोकडे एक तेल आहे, वास घाण आहे पण उतार पडतो. मी त्याला सांगून टाकावं असं त्या क्षणी फार वाटलं. तो ऐकून काय करेल तेही मला दिसलं. तो डबा बंद करेल, हात धुवेल आणि मग म्हणेल, बाई, तुम्ही म्हणाल तसं. आणि ते मला नको होतं. म्हणजे मी म्हणेन तसं व्हायला मला नको होतं. आमच्या गल्लीची पाहणी मागच्याच हिवाळ्यात झाली होती, मीच केली होती, दुर्बिणीने, रस्त्याच्या पलीकडून, आणि दमून घरी जायची वेळ होती म्हणून घराच्या बाजूने पुन्हा बघितलं नव्हतं, कारण ती बाजू मला पाठ होती. पुन्हा पाळी यायला अवकाश होता. तोपर्यंत कोण बघतंय? सुतार लाकडातल्या भेगा भरतात ती पुट्टी मिळते, सालीच्या रंगाचीही मिळते. आणि तोपर्यंत आईंचं वय. इथे मी विचार थांबवला, पण तो थांबवेपर्यंत पुरा झाला होता. आपण आपल्या माणसाच्या मरणाचा हिशेब एका भुंगेऱ्यासाठी मांडतोय, हे डबा धुताना माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची किळस आली. किळस आली म्हणून पुट्टी घ्यायची राहिली असं मात्र झालं नाही. घरी जाताना हार्डवेअरच्या दुकानात थांबले. दुकानदाराने विचारलं, टेबलाला लावायची का? मी म्हटलं, हो, टेबलाला. त्याने चार रंगाचे डबे उघडून दाखवले, आणि मी रंग निवडताना इतका वेळ घेतला की तो म्हणाला, घरी चांगलं टेबल दिसतंय.

गच्चीत वाकून मी भोकाशी डबा धरला होता आणि बोटावर पुट्टी घेतली होती, तेव्हा खिडकीतून आई म्हणाल्या, "तो आज आला नाही."

"कोण?"

"पाहुणा. मिशीवाला. ह्या वेळेला कठड्यावर येऊन बसतो. काल तुझ्या चादरीवर होता, मग दिसलाच नाही."

मी तशीच वाकलेली राहिले. "कधीपासून येतो?"

"मागच्या उन्हाळ्यातही होता. त्याच्या आधीच्याही. तोच नसेल म्हणा, त्याच्या घरातला कुणीतरी असेल. एवढ्या मोठ्या मिशा आणि करतो काय, तर बसतो. कधी समोरच्या झाडावर जातो. तिकडेही आहेत दोन-तीन, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेलेले बघितले मी. पण हा बहुतेक इथेच. आळशी आहे, माझ्यासारखा."

"आई, मला सांगितलं का नाही?"

"तूच म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, जे आहे ते सांगत होत्या. "उंबऱ्याच्या आत किड्याचं नाव नको. मग नाही काढलं. एकदोनदा अगदी ओठावर आलं होतं, पण तू दमून यायचीस."

मला हसू आलं. सगळं शहर मान वर करून शोधायचं, आणि माझ्याच घरात खिडकीशी एक बाई बसलेली, जिने तीन उन्हाळे त्याच्याशी गप्पा मारल्या, आणि मी तिला गप्प बसायला सांगितलेलं. हसता हसता मी खाली बसले, गच्चीच्या फरशीवर, पुट्टीचं बोट तसंच वर धरून, आणि ते हसू राहिलं नाही. आईंना खिडकीतून माझं डोकं तेवढं दिसत असणार. "काय झालं गं?" त्या म्हणाल्या. मग मी आत गेले, फ्रीजरमधून बरणी काढून त्यांच्या हातात दिली. काचेवर बर्फाचा धूर धरला होता. त्यांनी पदराने पुसावी तशी ओढणीच्या टोकाने ती पुसली, डोळ्यांजवळ नेली. तो बरणीच्या तळाशी होता, पाय पोटाशी घेऊन, मिशा मागे वळवून. "हाच तो," आई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "म्हणजे हाच तो, तुझा?" मी मान हलवली. त्यांनी बरणी मांडीवर ठेवली आणि झाडाकडे बघितलं. सगळ्या शहराला जे माहीत असतं ते त्यांनाही माहीत होतं, मला काही समजवावं लागलं नाही.

"तुमच्या खात्याला दुसरं झाड मिळत नाही का?" त्या म्हणाल्या. हा आवाज मी फार वर्षांत ऐकला नव्हता. मुलाला आजार झाला तेव्हा डॉक्टरांशी त्या ह्या आवाजात बोलल्या होत्या.

"मी कळवत नाही," मी म्हटलं. "भोक बुजवते. कुणाला कळणार नाही."

"आणि समोरची?"

"समोरच्यांचं काय?"

"तिकडे आहेत म्हटलं ना मी तुला. ती सगळी भोकं बुजवणार का तू, शिडी घेऊन?" आपला तो बाब्या, बाकीच्यांची ती कार्टी, हे त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. त्यांनी बरणी माझ्याकडे दिली. "ठेव जा परत. मला पडायचंय." जेवताना त्या बोलल्या नाहीत. मी जरा जास्तच बोलले, घड्याळवाल्याचं सांगितलं, त्याच्या डोळ्यावरच्या भिंगाचं सांगितलं, फक्त त्याने काय विचारलं ते सांगितलं नाही.

सकाळी मी उठले तेव्हा आई टेबलाशी बसल्या होत्या. खुर्चीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून टेबलापर्यंत, वॉकर धरून त्या एकट्या कशा गेल्या असतील ते मला कळलं नाही, कारण त्या सहसा बाथरूमला जातानाही मला हाक मारतात. टेबलावर बरणी होती आणि बरणीशेजारी माझा फोन होता.

"फोन कर," त्या म्हणाल्या. "आणि हे फ्रीजमधून हलव. वाटाण्यांना लागून ठेवलंस, खातो आपण ते."

"आई, पण तुमचं झाड."

"माझं कसलं? गल्लीचं आहे." मग त्यांनी बरणी जरा फिरवली, म्हणजे तो त्यांच्याकडे तोंड करून आला. "तो असता ना, तर ओरडला असता तुला. झाडांकडे बघणारी बायको केली आणि ती भोकात पुट्टी भरते म्हणाला असता." आम्ही दोघी बरणीकडे बघत राहिलो. मला सांगायचं होतं की मला झाडाचं तेवढं नाही, मला रविवारचं आहे, झाड गेल्यावर तुम्ही तिला काय उत्तर देणार. पण हे तोंडाने म्हणणं म्हणजे राहा म्हणणं, आणि राहा म्हणायचा मला काय हक्क? मी दिवसभर बाहेर. तिकडे लिफ्ट आहे. मी फोन उचलला आणि साहेबांचा नंबर लावला. ते म्हणाले, कुठे सापडला? मी आमचाच पत्ता सांगितला. त्यांनी पुन्हा पत्ता विचारला, आणि मी तो पुन्हा सांगितला.

झाडं कापायला खारूताईच आला. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून त्याने साहेबांना सांगितलं होतं आणि मीच त्याला बोलावून घेतलं. आईंची खुर्ची मी आतल्या खोलीत नेऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. समोरची आधी गेली, मग कोपऱ्यापर्यंतची, आणि भुगा करायच्या यंत्राच्या आवाजाने काचा थरथरत होत्या. आमचं शेवटी. खारूताई कठड्याच्या उंचीला आला, तेव्हा त्याने आईंना नमस्कार केला, दोराला लटकून, आणि आईंनी विचारलं, चहा घेणार का? तो म्हणाला, उतरल्यावर. मग त्याने ती जाड फांदी सोडवली. आतून ती अर्धी पोकळ होती, बोट जाईल एवढे बोगदे, ओल्या भुशाने भरलेले, आणि एका बोगद्यात पांढरी, जाड, आंधळी अळी, ऊन लागल्यावर हळूहळू वळणारी. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला बरं वाटलंय, कारण आपलं बरोबर होतं हे त्यातून कळतं. ह्या वेळीही आमचं बरोबर होतं. बरं वाटलं नाही. खारूताईने हूक सालीतून खणून काढला आणि चहाला आला तेव्हा आईंपुढे ठेवला. "लाकूड देता येत नाही," तो म्हणाला. "लोखंडाला नियम नाही." आईंनी तो उलटासुलटा करून बघितला. "काय करू आता ह्याचं?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे दिला. तो आता स्वयंपाकघराच्या खणात आहे, कात्री आणि मेणबत्त्यांबरोबर, आणि कात्री शोधताना दर वेळी हाताला लागतो.

त्यानंतरचा रविवार. खुंटाच्या जागी गोल माती होती आणि गल्ली दात काढलेल्या तोंडासारखी दिसत होती. खिडकीतून ऊन थेट आत आलं होतं, खुर्चीवर, भिंतीवर, आणि आजवर कधी दिसली नव्हती ती धूळ कपाटावर दिसत होती. मी खुर्ची दुसऱ्या भिंतीला लावू म्हटलं होतं, तर आई म्हणाल्या, बघू. फोन वाजला तेव्हा मी ओट्याशी होते. नळ बंद केला. नणंदेला मीच आधी कळवलं होतं झाडाचं, लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण ती काय म्हणत होती ते कळत होतं, कारण आई बराच वेळ नुसतं हं हं म्हणत होत्या. वाईट झालं गं. आता तरी. आता तर काहीच अडकवणारं नाही. मी ओट्याची कड धरली होती. इतकं घट्ट मी त्या दिवशी पेन्सिल आत गेली तेव्हा कठड्यालाही धरलं नव्हतं. मनात मी त्यांची बॅग भरायलाही सुरुवात केली होती, औषधं वर, चष्मा हाताशी, आणि बॅग भरताना मी चांगलं वागत होते, कुणाला दिसेल असं काही करत नव्हते.

"अगं, येते कुठे," आई म्हणाल्या. "आता तर घरात काय छान ऊन यायला लागलंय. इतकी वर्षं त्या झाडाने अडवलं होतं. ऊन सोडून कुठे येऊ?"

नणंद काहीतरी बोलली. आई हसल्या. मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी बोलू, आणि फोन ठेवला. मी हात पुसत बाहेर आले. त्या उन्हात तोंड करून बसल्या होत्या, डोळे मिटून, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी घळघळा गालावर येत होतं, गळ्यापर्यंत. मी पडदा ओढायला खिडकीपाशी गेले, तर त्यांनी डोळे न उघडता माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगितलंय तिला."